दोन नंबरमधलं स्टूल

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर एक फळा होता. पूर्वी तो नव्हता. देशभरातल्या सरकारी रुग्णालयांत ‘शून्य चूक’ अभियान आलं आणि अभियानाच्या पाठोपाठ फळा आला. त्यावर पांढऱ्या रंगात एकच ओळ होती: ‘शेवटच्या चुकीनंतर झालेले दिवस’. पुढे खडूनं आकडा. रोज सकाळी तो एकानं वाढवायचा, आणि चूक झाली की पुसून पुन्हा शून्यावर यायचं. किती माणसं बरी झाली याचा फळा मात्र कुठेच नव्हता. बरं होणं रुग्णालयात गृहीत धरलेलं असतं.

या रुग्णालयात थिएटरं दोन होती, म्हणून फळेही दोन. समोरासमोर, मध्ये हिरव्या फरशीचा पॅसेज. एक नंबरची मुख्य सिस्टर थोरली, दोन नंबरची धाकटी. ही पदं सरकारनं दिलेली नव्हती, सासरनं दिली होती. दोघी सख्ख्या जावा. थोरली या नोकरीत आधी लागली, या घरातही आधी आली. धाकटीला इथे चिकटवलं तेही तिनंच. आणि आता धाकटीच्या फळ्यावर तीन आकडे होते, थोरलीच्या फळ्यावर एक. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण थोरली मोठ्यानं कधी म्हणत नसे. मनात म्हणायला पैसे पडत नाहीत.

खरं तर थोरलीच्या हातून मोठी चूक कधी झालीच नव्हती. पण बारीकसारीकही ती स्वतःहून कळवायची. लेबल उलटं लागलं, कळवा. चिमटा फरशीवर पडला, कळवा. त्यामुळे तिचा आकडा दोन अंकी झाल्याचं कानावर पडून कुणी अभिनंदनाला येईपर्यंत तो पुसलेला असायचा. धाकटीला मात्र फिरती ढाल मिळाली होती. फिरती असूनही ती दोन नंबरच्या भिंतीवरून हलायला तयार नव्हती.

“ती चुका लपवत असणार,” थोरली नवऱ्याला म्हणायची.

“असेल,” नवरा म्हणायचा. तो आणि त्याचा भाऊ, दोघांनी लग्नानंतर हाच एक शब्द वापरून घरात शांतता ठेवली होती.

घर दोन मजली. खाली थोरली, वर धाकटी. सासूबाई खाली राहायच्या, थोरलीकडे. त्या गणिताच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी समोरच्याचं उत्तर बरोबर आलं तर ‘पायऱ्या कुठायत?’ असं विचारायची सवय गेली नव्हती. त्यांच्या डाव्या खुब्याचा सांधा झिजला होता, आणि तो बदलायचं ठरलं होतं.

“डॉक्टरांनी विचारलं, कुठलं थिएटर?” सासूबाई एका सकाळी चहा घेताना म्हणाल्या. “मी म्हटलं, दोन नंबर.”

थोरलीचा कप बशीवर जरा जोरात टेकला. “का हो, आई?”

“येताना फळे बघितले ना मी. तिच्याकडे तीन आकडे, तुझ्याकडे एक. आणि तोही काल पुसलेला दिसत होता.”

“ती कळवतच नसेल काही.”

“नसेल कळवत. पण न कळवताही ज्याचं काही बिघडत नाही, तो विद्यार्थी मला चालतो.”

“इतकी वर्षं तुमचं औषधपाणी मी बघते, आई.”

“म्हणूनच तर म्हणते,” सासूबाई प्रेमानं म्हणाल्या, “दमली असशील.”

 थोरली चहाचा कप विसळायला गेली आणि तो एकच कप तिनं बराच वेळ विसळला.

त्याच सुमाराला गुणवत्तेचे साहेब आले. साहेबांच्या मते जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या: मोजलेल्या आणि अजून मोजायच्या राहिलेल्या. ते म्हणाले, एक नंबरच्या सिस्टरांनी दोन नंबरमध्ये जाऊन उत्तम पद्धतींचं निरीक्षण करावं. थोरलीला हेच हवं होतं. निरीक्षण म्हणजे सरकारी शिक्का मारलेलं वाकून बघणं.

दोन नंबरमध्ये त्या सकाळी गुडघ्याचं ऑपरेशन होतं. थिएटर नेहमीसारखंच होतं. तोच स्पिरिटचा वास, तोच मोठा गोल दिवा, तीच कानात बसणारी गार हवा. भिंतीलगत चाकांचं एक लोखंडी स्टूल होतं, रेक्झिनची काळी बैठक असलेलं. बैठकीवर हातमोज्यांचं उघडलेलं पाकीट ठेवलं होतं, मोठ्या मापाचं. एवढ्या मोठ्या हाताचं माणूस खोलीत कुणी नव्हतं.

अभियानाचा एक नियम होता, ‘थांबा’. चीर देण्याआधी सगळ्यांनी हातातलं काम सोडून थांबायचं आणि आपण कोण ते एकेकानं मोठ्यानं सांगायचं. चूक दिसली तर बोलायला तोंड उघडं असावं, एवढाच त्यामागचा विचार.

“मी सर्जन. उजवा गुडघा.”

“मी भूल देणार.”

“मी सिस्टर. इन्स्ट्रुमेंट्स माझ्याकडे,” धाकटी म्हणाली.

“मी मामा. टेबल आणि दिवे.” वॉर्डातल्या मामांचा आवाज खणखणीत होता.

“मी पाहायला आलेय,” थोरली म्हणाली. ते तिलाच जरा उघडं पडल्यासारखं वाटलं.

आता सुरू व्हायला हवं होतं. कुणी हललं नाही. चौघंही खाली मान घालून उभे होते, पंक्तीच्या शेवटी बसलेल्या म्हाताऱ्या पाहुण्याचं बोलणं संपायची वाट बघावी तसे. यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. मग धाकटीनं मान हलवली.

“ठीक. सगळे आहेत.”

थोडा वेळ गेला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ट्रेमधली सिरिंज उचलली आणि त्यांचा हात वाटेतच थांबला. थोरली अगदी बाजूलाच होती, म्हणून तिला दिसलं. डॉक्टरांच्या गाऊनची बाही मनगटापाशी चुरगळली होती. कापड चारही बाजूंनी आत दबलं होतं, मुठीत धरल्यावर दबतं तसं. डॉक्टरांनी सिरिंजवरचं लेबल वाचलं.

“हं,” ते म्हणाले. ती खाली ठेवून त्यांनी शेजारची उचलली. बाही सैल झाली.

कुणी वर बघितलं नाही. थोरलीनं मनाशी म्हटलं, आठवलं असेल त्यांना. बाही काय, चुरगळतेच. ती विज्ञान शिकलेली होती.

ऑपरेशन संपलं. स्टुलावरचे हातमोजे उलटे झालेले होते. काढताना आतली बाजू बाहेर येते, अगदी तसे, नीट, शिकवल्याप्रमाणे. थोरलीनं एक उचलला. तो घामानं ओला होता, आणि अजून कोमट.

हात धुवायच्या जागी दोघी जावा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

“ते स्टूल कुणाचं गं?”

“रुग्णालयाचं.”

“हातमोजे कुणाचे, ते विचारतेय.”

धाकटीनं कोपरानं नळ बंद केला. “मला खरंच माहीत नाही, ताई. ‘थांबा’ सुरू झालं तेव्हापासूनचं आहे. सगळ्यांचं बोलून झालं तरी कुणीतरी बोलायचं राहिलंय, असं वाटायचं. एकदा थांबून बघितलं. मग रोजच थांबायला लागलो.”

“बोलतं काय ते?”

“ऐकू नाही येत. संपलं की कळतं.”

“आणि हात धरतं?”

“चुकायच्या आधी. आपल्याला वाटतं, सगळं बरोबर आहे. मग नीट बघितलं की सापडतं.” धाकटी टॉवेलनं एकेक बोट पुसत होती. “उगाच म्हणून अजून एकदाही धरलेलं नाही, ताई. एकदाही चुकलेलं नाही ते.”

“साहेबांना सांगितलंस?”

“काय सांगू? मंजूर पदं चारच आहेत.”

दुसरी एखादी घाबरली असती. रजा टाकून गेली असती, निदान रात्री दिवा लावून झोपली असती. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. पॅसेजमधून परत येताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. एवढ्या मोठ्या रुग्णालयात एक जण फुकट काम करायला आला, जेवायची सुट्टी न मागता, बढती न मागता, आणि तोही धाकटीच्याच वाट्याला!

दुसऱ्या दिवसापासून एक नंबरमध्येही स्टुलावर मोठ्या मापाचे हातमोजे दिसू लागले. सगळ्यांचं बोलून झालं की थोरली खाली मान घालून थांबायची.

“सिस्टर, आपण कुणाची वाट बघतोय?” सर्जननं विचारलं.

“नियम आहे, सर.”

नियम आहे म्हटल्यावर सर्जनही थांबला. पण हातमोजे कोरडेच राहिले. आठवडाभरानं चिमटा पुन्हा फरशीवर पडला, आणि थोरलीनं पुन्हा फळा पुसला.

मग तिच्या लक्षात आलं, आपलं स्टूल वेगळं आहे.

धाकटी रजेवर होती त्या दिवशी थोरलीनं मामांना सांगितलं, “दोन नंबरचं स्टूल आणा इकडे. आपलं तिकडे ठेवा. उत्तम पद्धतींची देवाणघेवाण.” या शब्दांपुढे मामांचं काय, मंत्र्यांचंही काही चाललं नसतं.

मामा गेले. बराच वेळ आले नाहीत. मग पॅसेजमधून चाकांचा आवाज आला, अगदी सावकाश. मामा दोन्ही हातांनी स्टूल ढकलत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

“चाकं जाम झालीत का, मामा?”

“चाकं झकास आहेत, सिस्टर.”

उंबऱ्याशी त्यांनी स्टूल जरासं मागे कलतं केलं, अलगद आत घेतलं आणि हळूच म्हणाले, “सांभाळून.”

“कुणाला म्हणालात?”

“सवय, सिस्टर. रोज पेशंट नेतो ना.” मामांनी मान वर केली नाही.

त्या दिवशी हातमोजे ओले निघाले.

एक नंबरचा फळा वाढू लागला. दोन आकडे झाले, टिकले. सर्जनचा हात एकदा थांबला, त्यानं मनगटाकडे पाहिलं आणि टाका पुन्हा घातला. नंतर त्यानं थोरलीकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही. चांगलं चाललेलं असताना विचारू नये हे सरकारी नोकरीत पहिल्या वर्षी कळतं.

आणि दोन नंबरमध्ये एका पोटाच्या ऑपरेशनला गॉजचा एक तुकडा कमी भरला. टाके घालायच्या आत एक्स-रे काढून तो शोधला, पेशंटला काही झालं नाही. धाकटीनं स्वतः फळा पुसला. तीन आकड्यांची खडूची भुकटी तिच्या बाहीवर पडली ती तिनं झटकलीही नाही. मग ती एक नंबरच्या दाराशी आली. स्टुलाकडे बघत उभी राहिली.

“मागितलं असतंत तरी दिलं असतं, ताई.”

“रुग्णालयाचं आहे ना ते? तूच म्हणालीस.”

“हो. म्हणजे कुणाचंच नाही, पेशंटचं आहे. सांभाळा एवढंच.”

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “दोन नंबरचा फळा पुसला म्हणे? मग माझं एक नंबरमध्येच करा.” थोरलीला त्या दिवशी चहा भलताच गोड लागला. साखर घालायची राहिली होती, हे नवऱ्यानं सांगितलं.

आपल्या घरच्या माणसाच्या ऑपरेशनला कुणी उभं राहू नये, असा नियम होता. थोरलीनं तो मोडला नाही, साहेबांकडून ‘विशेष बाब’ म्हणून मंजुरी आणली. हे आपल्याच हातून व्हायला हवं होतं. सासूबाईंनी शुद्धीवर आल्या आल्या विचारावं, कुणी केलं सगळं? आणि कुणीतरी म्हणावं, थोरल्या सूनबाईंनी.

सासूबाई टेबलावर लहान दिसत होत्या. डाव्या मांडीवर शाईनं बाण काढला होता. भूल चढायच्या आधी त्यांनी थोरलीकडे पाहिलं. “पायऱ्या नीट लिही हं,” त्या म्हणाल्या, आणि झोपल्या.

“मी सर्जन. डावा खुबा.”

“मी भूल देणार.”

“मी मामा. टेबल आणि दिवे.”

“मी सिस्टर,” थोरली म्हणाली. “इन्स्ट्रुमेंट्स माझ्याकडे.”

सगळे थांबले. थांबणं नेहमीपेक्षा लांबलं. मग ते संपल्याचं थोरलीला कळलं, कसं ते सांगता आलं नसतं. तिनं मान हलवली.

“ठीक. सगळे आहेत.”

सर्जननं हात पुढे केला. थोरलीनं सुरी उचलली.

मनगट धरलं गेलं.

घट्ट नव्हतं. पडणाऱ्या मुलाला धरावं तसं होतं. बाही आत दबली होती. हातमोज्यातून जाणवणारा तो तळवा मोठा होता आणि कोमट होता.

तिनं सुरी पाहिली. बरोबर होती. बाण पाहिला. डावा.

“सिस्टर?”

“काहीतरी चुकतंय, सर. एकदा बघून घेऊ.”

सगळ्यांनी बघितलं. नाव, बाजू, औषधं, रक्ताच्या पिशव्या, गॉज, सांध्याचं माप. सगळं बरोबर होतं. साहेबांनी चौकटीत लावावं इतकं बरोबर होतं.

तिनं पुन्हा सुरी उचलली. पुन्हा धरलं.

तिनं दुसऱ्या हातानं प्रयत्न केला. दुसराही धरला.

“सर,” ती म्हणाली, “माझे हात.”

सर्जननं तिच्या दोन्ही बाह्यांकडे पाहिलं. गेल्या काही आठवड्यांत त्यालाही ते ठाऊक झालं होतं. त्यानं आवाज चढवला नाही.

“सिस्टर, तुम्ही बाजूला व्हा. मामा, समोरून धाकट्या सिस्टरांना बोलवा. नियमाचं मी बघतो.”

धाकटी हात धुऊन आली.  थोरलीसमोरचा ट्रे तिनं आपल्याकडे ओढला, त्या क्षणी पकड सुटली.

थोरली भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारी स्टूल होतं. ऑपरेशन उत्तम झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्टूल परत पाठवलं. मामा जाऊन लगेच आले.

“इतक्यात?”

“एका हातानं उचलून नेलं आज,” मामा म्हणाले. “काहीच वजन नाही हो त्याला.”

धाकटी त्यावर बोलली ती चार दिवसांनी, जिन्यात. “ताई, आम्ही थांबतो रोज. पण आता बोलायचं कुणी राहत नाही.” आणि थोरलीच्या मनगटांकडे एकदा बघून ती वर गेली.

सासूबाई घरी आल्या. खालच्याच खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर. थोरलीनं रजा काढली होती. औषधं, पाणी, कुबडी धरून चार पावलं, सगळं ती जातीनं करत होती. तिच्या हाताला आता काही होत नव्हतं. गोळी देताना नाही, पाणी पाजताना नाही. ती रोज जरा थबकून वाट बघायची, आणि काही न झाल्यावर हसायची. दमले होते, एवढंच. आई म्हणाल्याच होत्या.

त्या दुपारी खिडकीतून ऊन येत होतं. वर धाकटीच्या घरात नळ चालू होता. सासूबाईंनी गोळी घेतली, आडव्या झाल्या.

“शेवटी धाकटीनंच निभावलं, नाही का?” त्या डोळे मिटून म्हणाल्या.

“हो, आई.”

“तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. प्रत्येकाला सगळं जमत नाही.”

“नाही हो, आई. वाईट कसलं?”

ती हे मनापासून म्हणाली. निदान तिला तसं वाटलं. सासूबाईंना झोप लागली. त्यांची मान एका बाजूला कलली होती, म्हणून थोरलीनं पायथ्याची उशी उचलली. मानेखाली सरकवावी, बरं वाटेल. ती दोन्ही हातांत उशी घेऊन वाकली.

दोन्ही मनगटं धरली गेली.

बाह्या आत दबल्या. तळवे मोठे होते, कोमट होते.

थोरलीनं उशीकडे पाहिलं. साधी उशी होती. पांढरा अभ्रा, कालच धुतलेला. ती फक्त मानेखाली ठेवणार होती.

मानेखालीच.

उगाच म्हणून अजून एकदाही धरलेलं नाही.

वरचा नळ बंद झाला. सासूबाईंचा श्वास संथ चालू होता. थोरली वाकलेलीच राहिली. मग तिच्या बोटांतून उशी हळूच सोडवून घेतली गेली, एकेक बोट उलगडून, न दुखवता.

उशी पलंगाशेजारच्या खुर्चीवर जाऊन टेकली, आणि मधोमध दबली.